सवय झाली म्हणजे नेमकं काय झालं?

बोईसरला नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "होते सवय." घरमालक म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, कंपनीतले जुने लोक म्हणतात. संध्याकाळी वारा पडला की एमआयडीसीच्या बाजूने वास येतो, कधी सडक्या अंड्यांसारखा, कधी गोडसर, घशाच्या मागे चिकटून बसणारा. पाहुणा नाकाला रुमाल लावतो आणि यजमान हसतो. सहा महिन्यांनी तोच पाहुणा यजमान झालेला असतो आणि पुढच्या पाहुण्याला तेच वाक्य ऐकवत असतो. मी इथेच वाढलो, त्यामुळे मला ते कुणी ऐकवलं नाही. मीच ते अनेकांना ऐकवलंय.

तारापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना अणुवीज केंद्र आठवतं. १९६९ पासून ते तिथे समुद्राकाठी उभं आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याबद्दल वाट्टेल ते फिरत असतं. हा लेख त्याबद्दल नाही. हा लेख त्याच्या अलीकडच्या, बोईसरला खेटून असलेल्या औद्योगिक वसाहतीबद्दल आहे. तिथली रसायनं, रंग, औषधांचा कच्चा माल, कापड, पोलाद यांबद्दल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांना शंभरपैकी गुण देतं. इथे जितके गुण जास्त तितकी अवस्था वाईट, आणि सत्तरच्या वर गेलं की 'अतिगंभीर'. २०१८ च्या यादीत तारापूरला ९३.६९ गुण होते. देशात पहिला नंबर. आमच्या भागातून कशात तरी देशात पहिलं आलो, असा विनोद त्या वेळी कट्ट्यावर झाला. तोही सवयीचाच भाग.

तर "होते सवय" या दोन शब्दांत एक अख्खा युक्तिवाद लपलेला आहे. सवय होते, म्हणजे त्रास उरत नाही. त्रास उरत नाही, म्हणजे नुकसान नाही. नुकसान नाही, म्हणजे तक्रारीला जागा नाही. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण असा एकावर एक रचलेला कोड दिसला की प्रत्येक पायरी वेगळी चालवून बघायची खोड आम्हाला असते. म्हणून गेलं वर्षभर मी एकच गोष्ट वाचतोय : शरीराला सवय होते तेव्हा शरीरात काय होतं?

नाकापुरतं उत्तर सोपं आहे. तोच वास सतत येत राहिला की वास ओळखणाऱ्या पेशी आणि त्यांच्यामागचा मेंदू तो संदेश काही मिनिटांत मंद करून टाकतात. घरात शिरल्यावर स्वतःच्या घराचा वास येत नाही, तसं. यात वाईट काही नाही. मात्र हवेत जे होतं ते तेवढंच राहिलेलं असतं. बदललंय ते नाक. सडक्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तर याहून कपटी. त्याचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की तो नाक बधिरच करतो. माझे बाबा रंगांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं होते, आधी ऑपरेटर, मग शिफ्ट इनचार्ज. नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी सांगायचे : वास यायला लागला तर सांभाळून, आणि येता येता अचानक यायचा थांबला तर पळ. शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे मला कुठल्याही पुस्तकाआधी त्यांच्याकडून कळलं.

नाकाच्या आत मात्र प्रकरण गुंतागुंतीचं होतं. आत रक्त आहे, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना वासाशी काही देणंघेणं नसतं.

रक्तात मोनोसाइट नावाच्या पेशी फिरत असतात. पहारेकरी म्हणा. त्यांच्या अंगावर सेन्सर असतात. जिवाणूच्या आवरणाचा एखादा तुकडा, ज्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, त्या सेन्सरला लागला की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते. एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन एरवी पेशीत बांधून ठेवलेलं असतं. त्याला अडवून धरणारं दुसरं प्रथिन काही मिनिटांत मोडून टाकलं जातं, हे सुटतं, केंद्रकात शिरतं आणि ठरावीक जनुकं चालू करतं. त्यातून सायटोकाइन तयार होतात : टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ आणि त्यांचा गोतावळा. ही एका पेशीने दुसऱ्या पेशींना पाठवलेली निरोपाची प्रथिनं. ताप आण, रक्तवाहिन्या सैल कर, आणखी पांढऱ्या पेशी पाठव, यकृता तू सीआरपी बनव. आपण ज्याला सूज किंवा दाह म्हणतो तो या निरोपांचा परिणाम.

निरोगी स्वयंसेवकांना, त्यांच्या संमतीने, एका किलोमागे काही नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन टोचून हे सगळं मोजलेलं आहे. तासाभरात थंडी वाजून येते, दीड तासाच्या सुमारास रक्तातला टीएनएफ शिखर गाठतो आणि काही तासांत पुन्हा जवळजवळ होता तिथे येतो. मला या प्रयोगातला चढ नाही, उतार विलक्षण वाटतो. चढायला एक कारण पुरतं. उतरायला मात्र शरीराने किती सोयी करून ठेवल्यात! एनएफ-कप्पा-बी केंद्रकात गेल्यावर जी जनुकं सर्वांत आधी चालू करतं, त्यांत त्याला स्वतःलाच पुन्हा बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचं जनुक असतं. म्हणजे आग लावणारा पहिल्याच फेरीत पाण्याची बादलीही मागवून ठेवतो. सायटोकाइनचा आराखडा घेऊन निघालेल्या आरएनएच्या शेपटीला अशी खूण असते की ती बघून पेशी तो थोड्याच वेळात फाडून टाकते. हे १९८६ मध्ये कळलं. आयएल-१ तर आधी निष्क्रिय रूपात तयार होऊन पडून राहतो आणि दुसरा वेगळा इशारा मिळाल्याशिवाय त्याची अंतिम कापणी होत नाही. दोन किल्ल्यांचं लॉकर. त्याशिवाय टीएनएफला वाटेतच पकडणारे सुटे रिसेप्टर आहेत, 'पुरे आता' असा निरोप देणारा आयएल-१० आहे, आणि वरून मूत्रपिंडाच्या टोपीतून येणारं कॉर्टिसॉल आहे.

इतके ब्रेक कशासाठी, याचं उत्तर २०२० मध्ये आपण सगळ्यांनी घरबसल्या पाहिलं. सायटोकाइन स्टॉर्म हा शब्द त्या वर्षी मराठी बातम्यांत आला. ज्यांनी आयुष्यात कधी रक्ताचा रिपोर्ट नीट वाचला नव्हता, ते आयएल-६ आणि सीआरपीचे आकडे फॅमिली ग्रुपवर टाकायला लागले. टॉसिलिझुमॅब या इंजेक्शनसाठी माणसं मुंबई, ठाणे, पालघर, वापी अशी फोनाफोनी करत होती. माझ्या चुलत काकांसाठी मीही दोन दिवस तेच करत होतो. त्याची एक कुपी हजारो रुपयांची, बाजारात नाही, आणि काळ्या बाजारातली खरी असेल याची खात्री नाही. ते इंजेक्शन विषाणूला हातही लावत नाही. ते आयएल-६ चा निरोप पोचू देत नाही, इतकंच. म्हणजे लाख मोलाचं औषध होतं ते शत्रूला मारणारं नव्हतं, आपल्याच पहारेकऱ्यांना गप्प करणारं होतं.

त्याच जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन, काही रुपयांत मिळणारं जुनं स्टेरॉइड, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना दिलं तेव्हा अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना त्याचा फायदा झाला नाही. आकडे झुकलेच तर थोडे उलट बाजूला झुकत होते. प्रतिक्रिया दाबणं चांगलं की वाईट, हा प्रश्नच असा सुटा विचारता येत नाही. कुणाची, केव्हा, कशाविरुद्ध हे सांगावं लागतं.

हे इथे मांडायचं कारण म्हणजे, 'सवय' या शब्दावर मी टीका करणार हे ओळखून काही वाचकांनी मनात एक आक्षेप तयार ठेवला असेल. तो रास्त आहे. प्रत्येक गोष्टीवर पेटून उठणारं शरीर जगत नाही. गप्प बसता येणं हीसुद्धा शरीराची कमावलेली अक्कल आहे.

ती किती कमावलेली आहे ते १९४६ मध्ये पॉल बीसन या अमेरिकी डॉक्टरने सशांवर दाखवलं. टायफॉइडच्या लशीत एंडोटॉक्सिन असतं. ती सशांना रोज टोचली तर पहिल्या दिवशी सणकून ताप येतो, मग दिवसागणिक कमी कमी. मोनोसाइटही असंच वागतात : एकदा एंडोटॉक्सिन चाखलेली पेशी दुसऱ्या वेळी टीएनएफ फारच कमी सोडते. ही झाली रक्ताची सवय. बरीच वर्षं असं मानत की पेशी थकते. २००७ मध्ये येल विद्यापीठातल्या रुस्लान मेझिटॉव्ह यांच्या गटाने जनुकं एकेक करून पाहिली, तर चित्र वेगळं निघालं. दाह वाढवणारी जनुकं बंद झाली होती, पण जंतू मारणारी प्रथिनं बनवणारी जनुकं चालूच होती. काही तर जास्त जोरात. पेशी झोपली नव्हती. तिने आरडाओरडा थांबवून काम सुरू ठेवलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या गल्लीतल्या बायका आठवल्या. खिडक्या कधी लावायच्या, कपडे कुठल्या दिशेला वाळत घालायचे, बोअरचं पाणी कशाला वापरायचं आणि कशाला नाही, हे सगळं त्यांना पाठ असतं आणि त्यातलं काहीच तक्रार म्हणून बाहेर येत नाही. विचारलं तर म्हणतात, सवय झाली. खरं तर त्यांनी एक सबंध यंत्रणा उभी केलेली असते आणि ती रोज चालवायला कष्ट पडतात. त्या कष्टांची पावती कुठे फाटत नाही.

पेशीच्या सवयीचीही किंमत असते. मोठ्या जंतुसंसर्गातून, सेप्सिसमधून वाचलेल्या रुग्णांचे मोनोसाइट कधी कधी इतके गप्प होतात की दुसरा, एरवी किरकोळ वाटणारा जंतू त्यांना गाठतो. आणि प्रत्येक वेळी सवयच होते असंही नाही. बीसीजीची लस घेतलेल्या निरोगी माणसांचे मोनोसाइट तीन महिन्यांनीही, अगदी वेगळा जंतू समोर ठेवला तरी, आधीपेक्षा जास्त सायटोकाइन सोडत होते, असं मिहाई नेटेया यांच्या गटाने नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये दाखवलं. म्हणजे तीच पेशी एका अनुभवाने शांत होते, दुसऱ्याने तिखट. 'होते सवय' हे वाक्य रक्ताच्या बाबतीत निम्म्या वेळा खोटंसुद्धा असू शकतं.

धुराचं तर फारच. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तिथे बसलेल्या मॅक्रोफाज पेशी, म्हणजे मोनोसाइटची चुलत भावंडं, ते कण गिळतात आणि सायटोकाइन सोडतात. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या जंगलांना लागलेल्या आगींचा धूर सिंगापूरवर पसरला तेव्हा लष्करी सेवेतल्या निरोगी तरुणांचं रक्त तपासलं गेलं. धुराच्या दिवसांत त्यांच्या रक्तात आयएल-१ आणि आयएल-६ वाढलेले होते, आणि अस्थिमज्जेतून अर्धकच्च्या पांढऱ्या पेशी बाहेर पडत होत्या. धूर हटल्यावर आकडे खाली आले. यातलं कुणी आजारी नव्हतं. दवाखान्याच्या कुठल्याच वहीत त्यांचं नाव आलं नसतं.

सिंगापूरच्या अभ्यासाला एक सोय होती : धूर गेला. 'नंतर' नावाची गोष्ट होती, म्हणून तुलना करता आली. जिथे धूर हेच हवामान असतं, तिथे कशाशी तुलना करायची?

आपल्या जवळचं एक उदाहरण पुण्याचं आहे, आणि ते कारखान्याचं नाही. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी १९९९ मध्ये शहरातल्या आणि खेड्यातल्या लोकांच्या रक्तातली आयएल-६ आणि टीएनएफची पातळी मांडली. शहरातल्यांची जास्त होती, खेड्यातल्यांची नव्हती. आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार इतके का, याचा एक धागा त्यांना त्यात दिसला. शहरात राहणं हेच रक्ताच्या दृष्टीने एक मंद, न विझणारी आच असू शकतं. पोटाभोवतीची चरबी सायटोकाइन सोडते, हिरड्यांचे आजार सोडायला लावतात, बिडी तर आहेच. एकट्या चिमणीला पकडून फाशी देण्याइतकं रक्त सरळ साक्ष देत नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण ती मंद आच निरुपद्रवी नाही, एवढं आता पक्कं आहे. २०१७ मध्ये कँटॉस या चाचणीत, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ च्या वर असलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांना आयएल-१ अडवणारं औषध किंवा नुसतं पाणी दिलं. औषधाने कोलेस्टेरॉल हललंसुद्धा नाही, तरी मधल्या मात्रेच्या गटात पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू सुमारे पंधरा टक्क्यांनी घटले. त्याच वेळी जीवघेण्या जंतुसंसर्गांचं प्रमाण थोडं वाढलं. संधिवातासाठी टीएनएफ अडवणाऱ्या औषधांचंही तसंच : सांधे सुटतात, पण शरीरात कोंडून ठेवलेला टीबी मोकळा होऊ शकतो, कारण त्या कोंडीच्या भिंतीला टीएनएफचाच आधार असतो. आपल्या देशात ही साधी गोष्ट नाही. ब्रेक बाहेरून विकत आणले की ते असे महाग पडतात.

आता बाबांचा रिपोर्ट.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांची तपासणी केली तेव्हा सीआरपी ४.१ आला. कागदावर शेजारी छापलं होतं : सहाच्या आत नॉर्मल. बाबांनी घडी घालून कपाटात ठेवला. पण हाच आकडा हृदयविकाराचा धोका मोजायच्या कोष्टकात घातला तर एकच्या आत कमी, एक ते तीन मध्यम आणि तीनच्या वर जास्त. एकच रक्त, एकच आकडा. पहिल्या प्रश्नाला 'ठीक', दुसऱ्याला 'ठीक नाही'. पहिल्या कोष्टकाचा प्रश्न आहे : या माणसाला आत्ता न्यूमोनियासारखं काही झालंय का? दुसऱ्याचा : हा माणूस हळूहळू झिजतोय का? 'नॉर्मल' हा शब्द छापताना कुठला प्रश्न विचारला होता ते छापत नाहीत.

तारापूरच्या ९३.६९ चंही असंच. त्या पद्धतीत शंभरातले जेमतेम दहा गुण माणसांच्या तब्येतीचे, आणि ते परिसरातल्या मोठ्या रुग्णालयांत श्वासाच्या आणि पाण्याच्या आजारांचे रुग्ण किती वाढले यावरून. म्हणजे माणूस मोजला जातो तो रुग्ण झाल्यावर. रोज संध्याकाळी थोडंसं पेटून रात्री थोडंसं विझणारं रक्त त्यात येत नाही. कपाटातला ४.१ येत नाही. हे मंडळाचं कपट आहे असं मला वाटत नाही. मोजायला सोपं तेच मोजलं जातं, हे माझ्याही ऑफिसात चालतं. पण मग मोजलं नाही ते घडलंच नाही असं धरलं जातं, आणि तिथे मोजमापाचा प्रश्न संपून नीतीचा सुरू होतो.

मराठीत 'सोसणं' हे क्रियापद दोन कामं करतं. "मला इथलं पाणी सोसत नाही" म्हणतो तेव्हा ते शरीराबद्दल असतं, त्यात ना कौतुक ना दोष. आणि "तिने फार सोसलं" म्हणतो तेव्हा ते माणसाबद्दल असतं. 'सोशिक' ही आपल्याकडे शिफारस आहे, विशेषतः लग्नाच्या बाजारात. पहिल्या अर्थाची शांतता दुसऱ्या अर्थाच्या शांततेत कधी मिसळते ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. "सोसतंय की" म्हणता म्हणता "सोसावं" कधी होतं?

अमर्त्य सेन यांनी एक जुनी पाहणी पुन्हा पुन्हा पुढे आणली आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूरला लोकांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आम्ही आजारी आहोत किंवा आमची तब्येत जेमतेम आहे. विधवांमध्ये असं म्हणणाऱ्या होत्या २.५ टक्के. दुष्काळानंतरच्या बंगालमध्ये विधवा सर्वांत धडधाकट होत्या, असा अर्थ कोण काढेल? त्यांनी स्वतःकडून आणि जगाकडून ठेवायची अपेक्षाच इतकी खाली आणली होती की 'जेमतेम' हे वर्णन करायलाही वरचं काही उरलं नव्हतं.

म्हणजे 'सवय' या एका शब्दाखाली आतापर्यंत तीन वेगळ्या शांतता निघाल्या. नाकाची, जिथे सेन्सर बधिर झालाय. पेशीची, जिथे आवाज खाली आणून काम चालू आहे आणि त्याची किंमत मोजली जातेय. आणि सिंगूरच्या विधवांची, जिथे तक्रारीची पट्टीच आखूड झालीय. यांपैकी एकीतही 'मला हे मान्य आहे' असं कुणी म्हटलेलं नाही. आमच्या कामात सर्व्हरचा अलार्म सारखा वाजायला लागला की लोक तो म्यूट करतात. रात्री झोपायचं असतं, त्यामुळे माणूस म्हणून ते योग्यच असतं. पण दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की अलार्म वाजला नाही, म्हणजे सर्व्हर उत्तम होता, तर त्याला काय म्हणाल?

बाबा मात्र यावर सरळ मान डोलावत नाहीत, आणि त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, "तुझ्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगची फी त्याच वासातून आली. हे घरही. मी डोळे उघडे ठेवून ती नोकरी केली. मला सवय झालीय असं मी म्हणतो तेव्हा मला फसवलंय असं तू का धरून चालतोस?" बरोबर आहे. त्यांनी हिशोब केला होता, आणि त्या हिशोबात मी जमेच्या बाजूला होतो. स्वतःच्या आयुष्याबद्दल "मला सवय झाली" म्हणायचा हक्क त्यांचा आहे. पुण्यात एसीत बसून मी तो काढून घेऊ शकत नाही. शिवाय रोज संध्याकाळी त्यांना तो वास नव्याने यावा, रोज संताप यावा, असं मी म्हणणं म्हणजे त्यांच्या आयुष्यात एक छोटं वादळ कायमचं चालू ठेवणं. त्यांची शांतता त्यांना हवी आहे.

माझं भांडण वाक्यातल्या सर्वनामाशी आहे. "आम्हाला सवय झालीय" हे एक वाक्य. "त्यांना सवय झालीय" हे वेगळंच. पहिलं सोसणाऱ्याचं कर्तृत्व आहे. दुसऱ्यात तेच कर्तृत्व कुणीतरी परस्पर खर्च करून टाकतं. बाबांनी केलेला हिशोब पलीकडच्या चाळीतल्या तीन वर्षांच्या पोरीने केलेला नाही, आणि तिच्या मोनोसाइटना पगार मिळत नाही. शरीराला ब्रेक आहेत म्हणून रोज उतारावर सोडून द्यायची परवानगी कुणाला मिळत नाही.

मग ओरडायचं कुणी, जर ज्याला त्रास आहे त्याचं शरीरच त्याला गप्प करत असेल? मला वाटतं याचं उत्तर आमच्याच किनाऱ्यावर आहे. वसाहतीचं सांडपाणी प्रक्रिया होऊन पाइपाने नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मच्छीमारांची संघटना. २०२२ मध्ये लवादाने सांडपाणी केंद्रावर आणि कारखान्यांवर भरपाई बसवली. नवापूर-दांडीच्या लोकांची नाकं आमच्यापेक्षा तीक्ष्ण नाहीत, रक्तही वेगळं नाही. पण त्यांच्या हातात अशी एक वस्तू होती जिला सवय होत नाही : जाळं. मासा आला तर आला, नाही तर नाही. जाळं सोशिक नसतं.

आमच्याकडे, एमआयडीसीत पगार घेणाऱ्यांकडे, तसं काही नव्हतं. आमचं मोजमाप आमच्या शरीरातच होतं आणि शरीर जुळवून घेत होतं. म्हणून मला चौकातल्या हवामापन यंत्राचं, कामगारांच्या वर्षावर्षाच्या रक्ततपासणीच्या जपून ठेवलेल्या कागदांचं, शाळेतल्या पोरांच्या फुंकर-चाचणीचं मोल मोर्च्यापेक्षा कमी वाटत नाही. ही कंटाळवाणी कामं आहेत. पण आठवड्याला, महिन्याला तोच प्रश्न त्याच कोरेपणाने विचारायला जे लागतं ते माणसात टिकत नाही, आणि टिकू नयेच. ते कागदावर आणि यंत्रात ठेवावं लागतं.

बाबांना मी सुचवलंय की महिनाभर पुण्याला राहा, मग परत सीआरपी करू. सिंगापूरच्या पोरांसारखं, निदान एक 'नंतर' मिळेल. त्यांनी मोठ्या शिफ्ट इनचार्जच्या थाटात सांगितलं की एका बॅचवरून प्रोसेस ठरवत नाहीत, शिवाय पुण्याची हवा काय महाबळेश्वरची लागून गेलीय का. दोन्ही बाबतींत ते बरोबर आहेत. तरी पावसाळा संपला की यायला तयार झालेत. आईची अट वेगळी आहे : घराजवळ ताजे बोंबील कुठे मिळतात ते मी आधी शोधून ठेवायचं.